कायद्याची शाळा आणि न्यायाची भाषा



रायपूर शहराच्या जुन्या वस्तीत, बूढा तलावाच्या काठाने पसरलेला बूढापारा हा मोहल्ला आहे. 1877 साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातील एक अ‍ॅटर्नी, विश्वनाथ दत्त, कामानिमित्त रायपुरास आले आणि त्यांनी आपले कुटुंबही येथे आणविले. त्या काळी आगगाडी नागपूरपर्यंतच होती. पुढचा सारा प्रवास रानावनांतून, बैलगाडीने करावा लागे. या कुटुंबातील थोरला मुलगा नरेंद्रनाथ तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला घालावे अशी शाळा रायपुरात नसल्यामुळे त्याचे शिक्षण वडिलांच्या सहवासात आणि घरी येणाऱ्या मंडळींच्या चर्चेतूनच झाले. पुढे या मुलाने कायद्याच्या परीक्षेचाही अभ्यास आरंभिला होता. परंतु 1884 मध्ये वडील वारले, आणि काही वर्षांतच कोर्टाची वाट सोडून तो संन्यासाच्या वाटेस लागला. स्वामी विवेकानंद या नावाने जग त्याला ओळखते. बूढा तलावास आज विवेकानंद सरोवर म्हणतात.

दत्त कुटुंबाचे बूढापाऱ्यातील वास्तव्य जेथे झाले असे मानतात, ती वास्तू डे भवन या नावाने ओळखली जाते. रायपूरच्या ज्या भूतनाथ डे यांच्या नावाशी ती निगडित आहे, त्यांचे पुत्र हरिनाथ डे हे पुढे अनेक भाषांचे पंडित म्हणून गाजले आणि कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. एकाच मोहल्ल्याच्या आठवणींत कायदा आणि भाषा या दोन विद्या अशा शेजारी शेजारी येऊन बसल्या आहेत. या व्याख्यानाचा विषय रायपूरचे विधी विद्यापीठ हा आहे; तथापि त्या विद्यापीठाचा इतिहास पाहताना या दोन विद्यांचे नाते सतत लक्षात ठेवावे लागते.

छत्तीसगढातील पक्षकाराच्या वाट्याला प्रारंभापासून दोन प्रकारची अंतरे आली. एक मैलांचे अंतर आणि दुसरे भाषेचे अंतर. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगढही इंग्रजी अंमलाखाली आले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे या प्रदेशाची मोठी कचेरी नागपूर हीच राहिली. 9 जानेवारी 1936 रोजी नागपुरास उच्च न्यायालय सुरू झाले, त्यापूर्वी तेथे ज्युडिशिअल कमिशनरचे न्यायालय होते. रायपूरच्या शेतकऱ्याला जमिनीचा दावा शेवटपर्यंत न्यावयाचा तर त्याला सुमारे तीनशे किलोमीटर दूर नागपुरास जावे लागे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगढ मध्य प्रदेशात राहिले आणि उच्च न्यायालय जबलपुरास गेले. तेही अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिकच. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य जन्मास आले आणि त्याच दिवशी बिलासपुरास त्याचे स्वतःचे उच्च न्यायालय सुरू झाले. मैलांचे अंतर अशा रीतीने बऱ्याच अंशी तुटले.

जी गोष्ट न्यायालयाची, तीच कायद्याच्या शिक्षणाची. मराठी मुलखात कायद्याच्या शाळेची परंपरा जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासूनचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1935 ते 1938 या काळात त्याचे प्राचार्य होते. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीने 1924 मध्ये महाविद्यालय काढले. त्याचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे यांनी धर्मशास्त्राचे मूळ संस्कृत ग्रंथ संपादून त्यांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली, कारण हिंदू कायद्याचा निवाडा करणाऱ्या न्यायाधीशाला त्या कायद्याचे मूळ शब्द कळावेत असा त्यांचा आग्रह होता. पुढे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड हे दोघेही या महाविद्यालयाचे विद्यार्थी.

नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर लवकरच विद्यापीठाचे विधी महाविद्यालयही सुरू झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. त्याचे प्रारंभीचे मानद प्राचार्य व्हिव्हियन बोस हे पुढे नागपूरचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. समतेच्या मूलभूत हक्कासंबंधी त्यांनी 1952 च्या अन्वर अली सरकार खटल्यात दिलेले स्वतंत्र निकालपत्र कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. रायपूर आणि दुर्ग, बिलासपूर आणि राजनांदगाव येथील तरुणांना कायदा शिकण्यासाठी नागपुरास जावे लागे, किंवा अलाहाबाद, कलकत्ता यांसारख्या त्याहून दूरच्या शहरांकडे वळावे लागे. ज्यांच्या घरी पैसा होता ते विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन येत.

रायपूरच्या विधी विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, ते मोहम्मद हिदायतुल्ला हे याच वाटेचे प्रवासी होते. त्यांचा जन्म 17 डिसेंबर 1905 चा. रायपूरच्या शासकीय हायस्कुलातून 1922 मध्ये ते मॅट्रिक झाले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन 1930 मध्ये त्यांनी नागपुरास वकिली सुरू केली. वकिली करीत असतानाच ते नागपूरच्या विधी महाविद्यालयात शिकवीत आणि पुढे ते विद्यापीठाच्या विधी शाखेचे अधिष्ठाताही झाले. 1943 मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, 1946 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि 1954 मध्ये तेथील मुख्य न्यायाधीश. 1956 मध्ये उच्च न्यायालय जबलपुरास गेले तेव्हा मुख्य न्यायाधीश या नात्याने तेही तिकडे गेले. 1 डिसेंबर 1958 रोजी ते सर्वोच्च न्यायालयात आले आणि 25 फेब्रुवारी 1968 पासून 16 डिसेंबर 1970 पर्यंत भारताचे सरन्यायाधीश होते. 1969 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 1982 मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाचा कार्यभार सांभाळला. 1979 ते 1984 ते उपराष्ट्रपती होते. 18 सप्टेंबर 1992 रोजी ते निवर्तले.

पदांची ही यादी मोठी आहे खरी. परंतु विधी विद्यापीठाला त्यांचे नाव शोभते ते त्यांच्या निकालपत्रांमुळे. त्यांतील दोन येथे सांगण्यासारखी आहेत. 1965 च्या सज्जनसिंह खटल्यात संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा प्रश्न होता. तेथे हिदायतुल्ला आणि नागपूर उच्च न्यायालयातूनच पुढे आलेले ज. र. मुधोळकर या दोघा न्यायमूर्तींनी, मूलभूत हक्कही साध्या दुरुस्तीने काढून घेता येतात काय, अशी शंका उपस्थित केली. मुधोळकरांनी घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांचा उल्लेख केला. आठ वर्षांनी, 24 एप्रिल 1973 रोजी, केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीचा जो सिद्धांत मान्य झाला, त्याचे बीज या शंकेत होते.

दुसरा खटला 1966 चा, नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुंबई उच्च न्यायालयातील एका दाव्यात साक्षीदाराची जबानी वृत्तपत्रांनी छापू नये, असा तोंडी आदेश देण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे हा प्रश्न आला. आठ न्यायाधीशांनी तो आदेश टिकविला. एकट्या हिदायतुल्लांनी विरुद्ध मत दिले. न्यायालयाचे कामकाज लोकांपुढे उघड चालले पाहिजे आणि त्याचे वृत्त लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यांच्या भिन्नमताचा गाभा होता. न्यायालयाचा दरवाजा उघडा असावा हे सर्वांनाच मान्य असते. मात्र त्या उघड्या दरवाजातून आत आलेल्या माणसाला तेथे काय चालले आहे ते समजते काय, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे.

हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठाची स्थापना छत्तीसगढ विधानसभेच्या 2003 च्या कायद्याने झाली. त्यामागची कल्पना बंगळुरूहून आलेली होती. 1980 च्या दशकापर्यंत भारतात कायद्याचे शिक्षण बहुधा सकाळच्या किंवा संध्याकाळच्या वर्गांत चाले. दिवसभर कचेरीत काम करणारे विद्यार्थी आणि दिवसभर कोर्टात उभे राहणारे शिक्षक तेथे तास-दोन तास भेटत. कायदा ही पूर्ण वेळाची विद्या आहे, बारावीनंतर पाच वर्षे वसतिगृहात राहून, समाजशास्त्रांच्या जोडीने ती शिकली पाहिजे, या विचारातून बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यालय उभे राहिले. त्याचे संस्थापक संचालक माधव मेनन यांनी 1988 मध्ये पहिली तुकडी घेतली. त्यानंतर भोपाळ, हैदराबाद, कोलकाता, जोधपूर अशी विद्यापीठे निघाली. आणि राज्यस्थापनेला तीन वर्षे होतात न होतात तोच रायपूरने त्या मालिकेत आपले नाव घातले. आज अशा विद्यापीठांची संख्या विसाहून अधिक आहे. रायपूरचे स्थान पहिल्या काहींत आहे, ही नव्या आणि साधनांनी फार संपन्न नसलेल्या राज्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

विद्यापीठाच्या कुलपतिपदी छत्तीसगढ उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असतात. प्रारंभीची वर्षे शहरात काढून विद्यापीठ पुढे नवा रायपूरमधील उपरवारा येथील विस्तीर्ण आवारात गेले. 2008 पर्यंत प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा वेगळी असे; विद्यार्थ्याने गावोगाव हिंडावे आणि प्रत्येक ठिकाणी शुल्क भरावे, असा प्रकार होता. त्या वर्षी सात विद्यापीठांनी एकत्र येऊन सामाईक परीक्षा सुरू केली. रायपूर त्या सातांपैकी एक होते. परिणाम असा झाला की जेथून मुले कायदा शिकण्यासाठी बाहेर जात होती, तेथे देशाच्या सर्व भागांतून मुले येऊ लागली. राज्याच्या रहिवाशांसाठीही काही जागा राखून ठेवलेल्या आहेत. ज्या शहरात 1877 मध्ये एका अ‍ॅटर्नीच्या मुलाला योग्य शाळा मिळाली नव्हती, त्या शहराचा हा प्रवास आहे.

विद्यापीठाच्या इतिहासातील आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. 2018 मध्ये येथील विद्यार्थ्यांनी आणि विद्यार्थिनींनी मोठे आंदोलन केले. विद्यार्थिनींच्या वसतिगृहावरील वेळेची बंधने काढावीत आणि ग्रंथालय सर्वांना सारखेच खुले असावे, या त्यातील प्रमुख मागण्यांपैकी होत्या. कोणत्याही संस्थेच्या चालकांना असे प्रसंग सुखाचे नसतात. तथापि समतेचा अनुच्छेद ज्या वर्गात शिकविला जातो, त्याच वर्गातील मुलींनी तो आपल्या दारावरच्या कुलपाला लावून पाहिला, तर शिक्षण वाया गेले असे म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या अंतराकडे वळावयाचे. बस्तरमधील एखाद्या खेड्यातील साक्षीदार न्यायालयात उभा राहतो. त्याची भाषा गोंडी किंवा हलबी असते. हलबी ही मराठी, छत्तीसगढी आणि उडिया यांच्या सीमेवर वाढलेली बोली. मराठी माणसाच्या कानाला तिचे कित्येक शब्द ओळखीचे वाटतात. साक्षीदार हलबीत बोलतो, जबानी हिंदीत लिहिली जाते, अपिलात बिलासपुरास तिचे इंग्रजी होते, आणि प्रकरण दिल्लीस गेले तर तेथे त्या इंग्रजीवरच वाद चालतो. मूळ बोललेले वाक्य अशा दोन-तीन भाषांतरांतून जाते. त्यात एखादा काळ बदलला, ‘दिसला’च्या ठिकाणी ‘दिसला असावा’ आले, की एका माणसाच्या आयुष्याची वर्षे त्यावर अवलंबून राहतात. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याला याची जाणीव आहे. साक्ष शक्यतो साक्षीदाराच्याच भाषेत नोंदवावी, आणि आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती उघड न्यायालयात त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, असे 1973 च्या संहितेत होते. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तशीच तरतूद आहे. तरतूद आहे, परंतु ती पाळण्यासाठी त्या भाषा जाणणारी आणि कायदाही जाणणारी माणसे हवीत.

वरच्या न्यायालयाची गोष्ट आणखी निराळी. घटनेच्या 348 व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. मात्र राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल उच्च न्यायालयात हिंदीच्या किंवा राज्याच्या भाषेच्या वापरास परवानगी देऊ शकतात. मध्य प्रदेशाला ती 1971 मध्ये मिळाली. वेगळे राज्य झाल्यावर छत्तीसगढनेही तशी मागणी केली. परंतु इतर काही राज्यांच्या अशाच मागण्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तीस नकार दिला. म्हणजे न्यायालय जवळ आले, पण त्याची भाषा आली नाही.

छत्तीसगढच्या भूमीत या प्रश्नाची जाण नवी नाही. बूढापाऱ्यातील ज्या शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव आहे, ते सप्रे जन्माने मराठीभाषक आणि लेखणीने हिंदीचे. 1900 मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. 1908 मध्ये ‘हिंदी केसरी’मधील लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्याच कलमाखाली लोकमान्य टिळक मंडालेस गेले. पुढे सप्रे यांनी रामदासांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचा ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. दुर्गचे वकील घनश्यामसिंह गुप्त यांचे कार्य तर या विषयाशी थेट निगडित आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेचे ते अध्यक्ष होते, आणि भारताच्या संविधानाचे हिंदी भाषांतर करणाऱ्या तज्ज्ञ समितीचेही अध्यक्ष तेच होते. राहुल सांकृत्यायन, सुनीतिकुमार चटर्जी यांच्या बरोबरीने मराठी कोशकार यशवंत रामकृष्ण दाते हे त्या समितीत होते. 24 जानेवारी 1950 रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी इंग्रजी प्रतीबरोबर या हिंदी प्रतीवरही सह्या केल्या. तथापि हिंदी पाठाला अधिकृतता मिळण्यास 1987 ची अठ्ठावन्नावी घटनादुरुस्ती यावी लागली. सदतीस वर्षे त्या भाषांतराला न्यायालयात आधार म्हणून उभे राहता आले नाही.

महाराष्ट्राने 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले, 1964 मध्ये राजभाषेचा कायदा केला आणि ‘न्यायव्यवहार कोश’ही तयार करविला. असे कोश ही मोठी सोय आहे. पण कोशातील शब्द पक्षकाराच्या तोंडी आपोआप येत नाही. ‘अंतरिम व्यादेश’ हा शब्द शुद्ध आहे, अचूक आहे. परंतु ‘निकाल लागेपर्यंत त्याने तुझ्या शेतात पाऊल टाकू नये, असा कोर्टाचा हुकूम झाला’, असे सांगितल्यावाचून शेतकऱ्याच्या मनात तो उतरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 पासून निकालपत्रांच्या भाषांतरासाठी संगणकाचे साहाय्य घेतले आहे. हिंदी, मराठी अशा भाषांत निकाल उपलब्ध होऊ लागले, हे स्वागतार्हच होय. मात्र निकाल हा खटल्याचा शेवट असतो. माणसाला भाषेची गरज पडते ती पहिली नोटीस दारात येते तेव्हा.

विधी विद्यापीठाचे खरे काम येथे सुरू होते. 1976 च्या घटनादुरुस्तीने आलेल्या 39-अ अनुच्छेदाने मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत कायदेविषयक साहाय्याची केंद्रे चालावीत, असेही सुचविले. अशा केंद्रात बसलेल्या विद्यार्थ्याचे काम कसे असते, हे वनहक्कांच्या उदाहरणावरून समजेल. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस त्या जमिनीवर हक्क सांगता येतो. हा दावा प्रथम ग्रामसभेपुढे ठेवावयाचा असतो. ग्रामसभेचा ठराव विरुद्ध गेला तर साठ दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. हे साठ दिवस ज्याला ठाऊक नाहीत, त्याचा हक्क कागदावर राहतो. त्याला ते सांगण्यास घटनाशास्त्राचे मोठे पांडित्य लागत नाही. ज्याला कायद्यातील अट समजली आहे आणि जो ती समोरच्या माणसाच्या बोलीत सांगू शकतो, असा एक माणूस लागतो.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. प्रवेशपरीक्षा इंग्रजीत, शिक्षण इंग्रजीत, शुल्क मोठे, आणि शिकून तयार झालेले पुष्कळ तरुण मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कंपन्यांच्या कामास जातात. जिल्हा न्यायालयाची पायरी चढणारे थोडे. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचा सर्व दोष त्या तरुणांवर टाकणेही न्याय्य होणार नाही. जेथे पाच वर्षांत एकदाही स्थानिक भाषेत अर्ज लिहावा लागत नाही, तेथून बाहेर पडलेल्या तरुणाला तालुक्याचे कोर्ट परके वाटावे, यात नवल काय? घारपुऱ्यांनी संस्कृत आणि इंग्रजी यांच्यामध्ये पूल बांधला, घनश्यामसिंहांनी इंग्रजी आणि हिंदी यांच्यामध्ये. पुढचा पूल हिंदीपासून हलबी-गोंडीपर्यंत जावयाचा आहे. तो बांधण्याचे शिक्षण अभ्यासक्रमात आले, जबानीचे भाषांतर हाही एक विषय म्हणून शिकविला गेला, तर रायपूरचे विद्यापीठ देशातील इतर विद्यापीठांना वाट दाखवू शकेल. तशी जागा त्याला लाभली आहे. बंगळुरू किंवा कोलकात्याला ती लाभलेली नाही.

संस्थेची थोरवी मोजताना तिच्या इमारती, तिची पदके आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांची मोठी पदे यांची गणती होते, आणि ती व्हावी. रायपूरच्या बाबतीत आणखी एक गणना करता येण्यासारखी आहे. या विद्यापीठातून शिकून गेलेल्यांपैकी किती जण जगदलपूरच्या, दंतेवाड्याच्या किंवा गडचिरोलीच्या न्यायालयात एखाद्या साक्षीदाराचे वाक्य जसेच्या तसे न्यायाधीशांपर्यंत पोहोचवू शकतात? 1966 मध्ये हिदायतुल्लांनी आठ सहकाऱ्यांच्या विरुद्ध जाऊन जे मांडले, त्याचा उरलेला भाग पुरा करण्याचे काम त्यांच्या नावाच्या या संस्थेकडे आले आहे.